सरण नव्हे, सेनासन : सह्याद्रीतील लेणी, पोढी आणि वृक्ष

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचा विचार करताना आपले लक्ष प्रथम चैत्यगृहाची कमान, स्तूप, स्तंभशीर्षे आणि मूर्ती यांकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या उपासक-उपासिकांच्या दानातून ही लेणी उभी राहिली, त्यांनी कोरवून ठेवलेले लेख वाचू लागलो की शिल्पाइतकेच आणखी दोन गोष्टींचे उल्लेख आपल्याला वारंवार भेटतात. त्या म्हणजे पाणी आणि झाड. कुणी पाण्याचे टाके दिले, कुणी डोंगरावर चढण्याची वाट दिली, कुणी झाडांसाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले. हे उल्लेख आनुषंगिक आहेत असे समजून पुष्कळदा त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांनाच मध्यवर्ती स्थान देऊन, डोंगर, पाणी आणि वृक्ष यांच्याकडे पाहण्याची बौद्ध दृष्टी कोणती होती, याचा शोध घेणार आहोत.

हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या समाजाने जुन्या देवदेवतांची उपासना सोडली. वडाला फेऱ्या घालणे, नदीला नवस बोलणे, डोंगरावरच्या देवाला कोंबडे-बकरे देणे हे सारे सुटले. मात्र विहाराच्या अंगणात आपण बोधिवृक्ष लावतो, त्याच्यापुढे हात जोडतो, लेण्यांच्या डोंगराला आदराने भेट देतो. तेव्हा टीकाकार विचारतात की, वड सोडून पिंपळ धरला, यात फरक तो काय? या प्रश्नाला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. त्याचे उत्तर पाली साहित्यात आणि लेण्यांच्या दगडात शोधले पाहिजे.

सरण आणि सेनासन

धम्मपदाच्या बुद्धवग्गात याविषयी निःसंदिग्ध भूमिका आलेली आहे. भयाने व्याकूळ झालेली माणसे पर्वत, अरण्ये, उद्याने, वृक्ष आणि चैत्य यांना शरण जातात. परंतु ते शरणस्थान क्षेमकारक नाही, त्याने दुःखातून सुटका होत नाही, असा त्या गाथांचा आशय आहे. खरे शरण बुद्ध, धम्म आणि संघ, आणि त्यातून उमगणारी चार आर्यसत्ये. म्हणजे डोंगराला किंवा झाडाला दैवत मानून त्याच्याकडून रक्षणाची अपेक्षा करणे तथागतांनी नाकारले आहे.

दुसरीकडे, भिक्खूच्या चार निस्सयांपैकी, म्हणजे जीवनाच्या चार आधारांपैकी एक आधार 'रुक्खमूल-सेनासन' हा आहे. सेनासन म्हणजे शयन आणि आसन यांची जागा, निवासस्थान. झाडाचे मूळ हे भिक्खूचे घर होय. थेरगाथेत महाकस्सपांच्या नावावर असलेल्या गाथांमध्ये पावसाने न्हालेले खडक, हिरवे डोंगर आणि मोरांचे आवाज यांत रमणारे मन दिसते. ज्या परंपरेने वृक्षाला शरण जाऊ नका असे सांगितले, तिनेच वृक्षाखाली राहण्यास शिकवले. यात विसंगती नाही. निसर्ग हे 'सरण' नव्हे, ते 'सेनासन' आहे. ज्याला शरण जातो त्याच्यापुढे माणूस याचक असतो. जिथे राहतो त्या जागेविषयी माणूस जबाबदार असतो. या एका भेदावर पुढील सारे विवेचन आधारलेले आहे.

विनयातील दक्षता

ही जबाबदारी विनयपिटकात नियमांच्या रूपाने उतरली आहे. वर्षावासाचा नियम कसा घडला याची हकिगत महावग्गात आहे. भिक्खू हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत चारिका करीत. लोक तक्रार करू लागले, की इतर पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून राहतात. मग हे शाक्यपुत्रीय श्रमणच हिरवे गवत तुडवीत, बारीकसारीक जिवांना इजा करीत का हिंडतात? ही तक्रार रास्त मानून तथागतांनी वर्षावास सांगितला.

भिक्खूंसाठीच्या पाचित्तिय नियमांत जमीन खणणे, वनस्पती तोडणे आणि जीवजंतू असलेले पाणी ओतणे यांना दोष म्हटले आहे. पाणी गाळण्याचे 'परिस्सावन' भिक्खूने बाळगावे असा दंडक आहे. हिरवळीवर आणि पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये, थुंकू नये, असे सेखिय नियमांत सांगितले आहे. वनस्पतींच्या नियमात 'भूतगाम' या शब्दाची जी फोड केली आहे ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. हळद-आल्यासारख्या मुळापासून वाढणाऱ्या, वड-पिंपळासारख्या खोडापासून वाढणाऱ्या, ऊस-बांबूसारख्या पेरापासून वाढणाऱ्या, काही शेंड्यापासून वाढणाऱ्या आणि धान्य-कडधान्यांसारख्या बीजापासून वाढणाऱ्या, असे वनस्पतींचे पाच वर्ग तेथे केले आहेत. शेतकऱ्याच्या अनुभवाला पटणारे हे वर्गीकरण आहे.

या नियमामागील कथेत झाडावर राहणाऱ्या देवतेची तक्रार येते हे खरे. तथापि नियम सांगताना दिलेले कारण वेगळे आहे. झाडात जीव आहे असे लोक मानतात, त्या लोकभावनेचा मान भिक्खूंनी राखला पाहिजे, असे ते कारण आहे. झाड देव आहे म्हणून तोडू नका, असे विनय म्हणत नाही. लोकांच्या संवेदनेचा आदर आणि स्वतःच्या वर्तनावरील संयम या दोन पायांवर हा नियम उभा आहे.

उपासकांसाठी हीच दृष्टी दानाच्या रूपाने येते. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात, कुणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, या प्रश्नाच्या उत्तरात बागा आणि वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी करणारे, निवारा देणारे लोक यांची गणना केली आहे. तेथील 'पपा' हा शब्द आणि आपल्या 'पाणपोई'तील 'पोई' ही एकाच मुळाची रूपे आहेत. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांतून माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खोदल्याचे व झाडे लावल्याचे नोंदवले आणि पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वणवे लावण्यास मनाई केली. त्याच्या शिलालेखांचे अवशेष महाराष्ट्रात सोपारा येथे मिळाले आहेत. तेव्हा हा विचार आपल्या किनाऱ्यापर्यंत फार पूर्वी पोहोचला होता.

पोढी : दगडात साठवलेला पाऊस

आता सह्याद्रीकडे वळू. येथील कातळ बेसाल्टचा, पाऊस चार महिन्यांचा आणि उरलेले आठ महिने कोरडे. पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात त्याच डोंगरावर घोटभर पाणी मिळत नाही. अशा ठिकाणी शेकडो भिक्खूंचा निवास शक्य झाला तो 'पोढी'मुळे. शिलालेखांतील प्राकृतात 'पोढि' किंवा 'पानियपोढि' असा शब्द येतो. त्याचा अर्थ कातळात खोदलेले पाण्याचे टाके.

पोढीची रचना साधी व विचारपूर्वक केलेली आहे. लेण्याच्या दर्शनी भागाजवळ, बहुधा एका बाजूस, कातळात लहान चौकोनी तोंड ठेवून आत खोल व रुंद पोकळी खोदलेली असते. वरच्या उतारावर कोरलेल्या पन्हाळी पावसाचे पाणी गोळा करून तिच्यात सोडतात. तोंड लहान आणि वर कातळाचे छत असल्यामुळे ऊन कमी लागते व बाष्पीभवन मंदावते. काही ठिकाणी कातळाच्या सांध्यांतून झिरपणारे पाणीही तिला मिळते. लेणे कोरताना पाण्याची योजना आधीच मनात धरलेली असे, हे पन्हाळी आणि पोढी यांच्या जागांवरून कळते.

मुंबईजवळील कान्हेरी हे याचे उत्तम उदाहरण आहे. शिलालेखांतील 'कण्हगिरि' तो हाच डोंगर. येथे शंभराहून अधिक लेणी असून बहुतेकांच्या दाराशी स्वतंत्र पोढी आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून सुमारे हजार वर्षे येथे वस्ती राहिली, ती या पाण्याच्या बळावर. येथील दानलेखांत कल्याण, सोपारा, चेमूल या बंदरांची नावे येतात. कल्याणच्या एका सुवर्णकाराने पोढी दिली, तर चेमूलच्या एका हेरण्यिकाच्या पुत्राने वाट दिली. पाणी आणि वाट ही दोन्ही 'देयधम्म' होती, म्हणजे चैत्याच्या तोलाची दाने होती. आज हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. मुंबईला पाणी देण्यासाठी १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ मधील तुळशी तलाव हे याच डोंगररांगेचा पाऊस साठवतात. या डोंगरावरचे पाणी धरून ठेवता येते, हे भिक्खूसंघाने त्याआधी अनेक शतके ओळखले होते.

महाड : दोन पोढी आणि एक तळे

पोढीचा विचार महाडला येऊन अधिक गंभीर होतो. महाड शहराजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोअ वेण्हुपालित याच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या यांबरोबरच लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढी आणि लेण्याला लागून असलेली वाट दिल्याचे त्यात नमूद आहे. लिपीवरून हा लेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ठरतो.

त्याच महाडात, त्या डोंगरापासून थोड्याच अंतरावर, चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. तो ठराव कागदावरच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी पाळली पाहिजे. पोढीचे दान संघाला होते; ती गावाची सार्वजनिक विहीर नव्हती. तेव्हा प्राचीन काळी महाडचे पाणी सर्वांना खुले होते, असे या लेखावरून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणणे आपल्या बाजूला बळकटी आणण्याऐवजी दुर्बलता आणील. मात्र दुसरी गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. लेण्यांतील दाने ज्या संघाला दिली जात त्याचे वर्णन लेखांत 'चातुदिस' असे येते, म्हणजे चारी दिशांचा संघ. त्या संघात येणाऱ्याचे कुळ आणि वर्ण प्रवेशाच्या वेळीच संपत असे. वेगवेगळ्या नद्या समुद्राला मिळाल्यावर आपली नावे सोडतात, ही तथागतांची उपमा त्याविषयीच आहे. न्हावी उपालि आणि राजकुळातील भिक्खू ज्या संघात एकत्र राहिले, त्या संघाच्या पोढीवर कुणाच्या स्पर्शाने पाणी विटाळण्याची कल्पनाच संभवत नाही. पाण्याला मूळचे पावित्र्य आहे असे मानले की विटाळही मानावा लागतो. पाणी ही जीवनाची गरज आहे आणि ते देणे हे पुण्य आहे असे मानले की विटाळाला जागा उरत नाही. महाडच्या डोंगरावरील दोन पोढी आणि शहरातील तळे यांच्यातील खरे अंतर या दोन दृष्टींमधले आहे.

वृक्षाचा मान

आता मूळ प्रश्नाकडे, बोधिवृक्षाकडे येऊ. दीघनिकायातील महापदानसुत्तात सात बुद्धांचे बोधिवृक्ष सांगितले आहेत. विपस्सींचा पाटली, सिखींचा पुंडरीक, वेस्सभूंचा साल, ककुसंधांचा शिरीष, कोणागमनांचा उंबर, कस्सपांचा वड आणि गोतमांचा अश्वत्थ, म्हणजे पिंपळ. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पिंपळ ही जात स्वभावतःच दैवी असती, तर प्रत्येक बुद्धाचा वृक्ष पिंपळच असता. ज्या झाडाखाली सम्यक संबोधी घडली त्याला 'बोधी' हे नाव मिळाले. मान ज्ञानाच्या घटनेला आहे. झाड त्या घटनेचे साक्षी आहे.

कालिंगबोधी जातकाच्या प्रस्तावनेत हेच सूत्र कथेतून येते. तथागत चारिकेवर असताना जेतवनात आलेले लोक फुले घेऊन आले आणि कुणाला अर्पण करावी हे न कळून परतले. तेव्हा आनंदाने विचारले असता तथागतांनी शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक असे चैत्याचे तीन प्रकार सांगितले. बोधिवृक्ष हा पारिभोगिक चैत्य, म्हणजे बुद्धांच्या उपयोगात आलेली वस्तू होय. मग जेतवनाच्या दाराशी बोधिवृक्ष लावण्यात आला. वडाला फेऱ्या घालणारा सौभाग्य मागतो. बोधिवृक्षापुढे हात जोडणारा काही मागत नाही; तो आठवतो. आपल्या वर्तनात हा फरक दिसत नसेल, तर टीकाकाराचा आक्षेप खरा ठरेल, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

लेण्यांच्या लेखांत झाडे आणखी एका रूपात येतात. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, उषवदाताचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणे 'अखयनिवि' म्हणून, म्हणजे मूळ रक्कम न मोडता व्याजावर चालणारी ठेव म्हणून कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ या दराने वर्षाला २४० येतात आणि लेखात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी सांगितली आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. याच लेखात चिखलपद्र गावातील ८००० नारळाच्या झाडांचेही दान आहे. जुन्नरच्या एका लेखात आडुथुम या शक उपासकाने एका गावातील २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि दुसऱ्या गावातील ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी लावून दिल्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. करंजाच्या बियांचे तेल दिव्याला चालते आणि वडाची सावली वाटसरूला मिळते. ही दाने देताना उपयोगाची जाण होती, असे मानण्यास जागा आहे.

वारशाचे थर आणि आपले कर्तव्य

हे डोंगर बौद्धांच्या आधीही रिकामे नव्हते आणि नंतरही राहिले नाहीत. दामोदर कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात, व्यापारी वाटांच्या संगमावरील प्राचीन मातृदेवतांची स्थाने आणि लेणी यांचा जवळचा संबंध दाखवला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर आज एकवीरेचे मंदिर आहे आणि ते कोळी-आगरी बांधवांसह अनेकांचे श्रद्धास्थान आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती आहे. सह्याद्रीच्या खेड्यांतील देवराया, ज्यांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, त्यांत देवतेच्या धाकाने का होईना, जुनी झाडे टिकली आहेत. देवराईचे दैवत आपण मानणार नाही. परंतु तिथले झाड राखणाऱ्या गावकऱ्याचा अनादर करण्याचेही कारण नाही. लोकभावनेचा मान ठेवून नियम करण्याचा धडा विनयानेच आपल्याला दिला आहे. लेण्यांवरील आपला हक्क आवाजाने सिद्ध होणार नाही. तो लेख वाचता येण्याने, इतिहास पुराव्यानिशी सांगण्याने आणि वास्तू जपण्याने सिद्ध होईल.

या जपणुकीत आपल्याकडूनही काही चुका होतात, त्या सांगणे आवश्यक आहे. स्तूपाला तैलरंग फासणे, शिल्पांजवळ मेणबत्त्या व अगरबत्त्या लावून काजळी धरू देणे, पोढीत निर्माल्य आणि प्लास्टिक टाकणे यांमुळे दोन हजार वर्षे टिकलेला दगड आपल्या डोळ्यांदेखत खराब होतो. त्याहून नाजूक प्रश्न पिंपळाचा आहे. पिंपळाची मुळे कातळाच्या फटीत शिरून त्या रुंद करतात. पक्ष्यांमुळे लेण्याच्या माथ्यावर उगवलेले रोप पुरातत्त्व खाते काढते, तेव्हा बोधिवृक्ष तोडला म्हणून काही उपासक दुखावतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, लेण्याच्या फटीतील पिंपळ हा बोधिवृक्ष नसून लेण्याला धोका आहे. बोधिवृक्षासाठी विहाराचे अंगण आहे, गावाची मोकळी जागा आहे.

लेणी बहुधा संरक्षित स्मारके आहेत. १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण आहे. म्हणून पोढी साफ करण्यासाठीसुद्धा परस्पर उतरू नये. संबंधित कार्यालयाची लेखी अनुमती घ्यावी. अनुमतीशिवायही करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. आषाढी पौर्णिमा ते आश्विनी पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ विहाराविहारांतून ग्रंथवाचनात जातो. त्या काळात प्रत्येक विहाराने आपल्या जवळच्या एका लेण्याची निवड करावी. तेथे पोढी किती, पन्हाळी कुठून येतात, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोणती झाडे कातळाला इजा करीत आहेत, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी आणि ती कार्यालयाला द्यावी. विद्यार्थ्यांना लेखातील ब्राह्मी अक्षरे वाचायला शिकवावीत. ज्या उपासकांनी पोढी, वाटा आणि झाडे दान दिली त्यांची नावे दगडात राहिली. आपली नावे दगडावर कोरण्याची गरज नाही. त्यांनी दिलेले पाणी स्वच्छ राहिले, तरी त्यांच्या दानाचा वारसा आपण चालवला असे होईल.